लँगोलेन कालव्यावर भाड्याची नाव: घ्यावी का, कुठून आणि किती दिवसांची?

पवनी, लाखांदूर, ब्रह्मपुरी, आरमोरीकडच्या बऱ्याच घरांतली पोरं आता इंग्लंडात नोकरीला आहेत आणि उन्हाळ्यात आईबाप दोन-तीन महिने तिकडे राहून येतात. लंडन झालं, एखादा किल्ला झाला, की पुढं यांना दाखवायचं काय, असा पोरांना प्रश्न पडतो. ज्यांची हयात कालव्याच्या पाण्यावर, गेटावर, पाटकऱ्याशी भांडण्यात गेली, त्यांच्यासाठी तिथं एक गोष्ट खरंच बघण्यासारखी आहे. उत्तर वेल्स आणि श्रॉपशरच्या मधून जाणाऱ्या लँगोलेन कालव्यावर नाव भाड्यानं मिळते. तुम्हीच चालवायची, लॉकची, म्हणजे नाव एका पातळीवरून दुसऱ्या पातळीला नेणाऱ्या हौदाची, दारंही तुम्हीच उघडायची.

निकाल आधी सांगतो. नाव घ्यावी. पण पहिल्याच वेळी आठवडाभराची नको, चार दिवसांची बस. सुरुवात लँगोलेनकडच्या चिर्क किंवा ट्रेवरहून करावी, आणि जुलै-ऑगस्टची शाळांची सुट्टी टाळून मे-जून किंवा सप्टेंबर धरावा. नोव्हेंबर ते मार्च दुरुस्तीची कामं निघतात, तेव्हा ठिकठिकाणी कालवा बंद असतो. ज्यांना गुडघ्यांमुळं पायरी चढवत नाही, त्यांनी नावेत बसावं, लॉकवर उतरू नये. बाकी धडधाकट माणसं निदान दोन तरी लागतात, तीन असली तर उत्तम.

आता हा कालवा आहे काय ते. 1793 च्या कायद्यानं एल्समेर कालव्याचं काम निघालं, लँगोलेन कालवा हा त्याचाच तुकडा. मर्सी, डी आणि सेव्हर्न या तीन नद्या जोडायच्या, वाटेतला कोळसा-चुनखडी वाहायची, असा बेत होता. अभियंते विल्यम जेसप आणि थॉमस टेलफर्ड. ट्रेवरच्या पुढं उत्तरेकडचा मुख्य तुकडा कधी झालाच नाही आणि वरच्या अंगाचा कालवा पाण्यावाचून राहण्याची वेळ आली. म्हणून लँगोलेन गावाच्या वर डी नदीवर टेलफर्डनं अर्धचंद्राकृती बंधारा घातला, हॉर्सशू फॉल्स, 1808 साली, आणि तिथून पाणी आणलं. 1944 मध्ये कायद्यानं कालवा नावांसाठी बंदही झाला होता. तरी तो बुजवला नाही, कारण त्यातून दुसऱ्या टोकाच्या हर्ल्स्टनच्या जलाशयाला पिण्याचं पाणी जात होतं, आजही जातं. म्हणजे पाणीपुरवठा योजनेनं कालवा वाचवला आणि पर्यटन मागाहून आलं. 2009 पासून त्याचा लँगोलेनकडचा 18 किलोमीटरचा भाग जागतिक वारसा यादीत आहे. देखभाल 2012 पासून कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था बघते.

हा इतिहास नाव चालवणाऱ्याच्या कामाचा आहे. इंग्लंडातल्या बहुतेक जुन्या कालव्यांत पाणी जवळजवळ उभं असतं, इथं मात्र वाहतं. लँगोलेनकडून हर्ल्स्टनकडे ओढ आहे. वर जाताना नाव रखडते, खाली येताना इंजिन कमी ठेवूनही पुढं सरकते. लॉक बंद असलं तरी पाणी पुढं जात राहायला हवं, म्हणून प्रत्येक लॉकच्या बाजूनं एक सांडवा काढलेला आहे. आपल्या मामा तलावाचा सलंगच म्हणा. हा सलंग लॉकच्या खालच्या तोंडाशी आडवा येऊन पडतो. खालून येणारी नाव तोंडाशी पोहोचली की तो धार मारून पुढचं टोक बाजूला ढकलतो आणि नाव दगडी भिंतीवर आपटते. नवखा माणूस घाबरून इंजिन बंद करतो, तिथंच फसतं. गती किंचित वाढवून, धारेच्या बाजूला थोडं आधीच झुकतं माप देऊन सरळ आत घालायचं, हा त्यावरचा उपाय. ताबा देताना हे कोणी सांगत नाही.

लॉक कशाला लागतं, ते आपल्याकडच्या माणसाला दोन वाक्यांत कळतं. आपल्या कालव्याला उतार आला की आपण फॉल बांधतो, पाणी खाली पडतं, काम झालं. नाव मात्र फॉलवरून पडू शकत नाही. म्हणून फॉलच्या जागी दोन्ही टोकांना दारं असलेला दगडी हौद बांधतात. नाव आत घ्यायची, हौद भरायचा किंवा रिकामा करायचा, आणि दुसऱ्या दारानं बाहेर काढायची. पंप नाही, मोटर नाही. इथल्या लॉकचा हौद ढोबळमानानं 22 मीटर लांब आणि सव्वादोन मीटरच्या आत रुंद आहे. दोन मीटर पातळी बदलली तर एका खेपेला सुमारे 100 घनमीटर, म्हणजे एक लाख लिटर पाणी खाली जातं. एका हेक्टराच्या बांधीत पाच सेंटिमीटर पाणी उभं करायला यापेक्षा पाचपट लागतं. पण नावांची रांग लागली की हिशेब चढत जातो. म्हणून समोरून नाव येत असेल आणि हौद तिच्या पातळीला असेल, तर आधी तिला येऊ द्यायचं. एकाच पाण्यात दोन नावा निघतात. घाई करून आपण हौद उलटा भरला तर तेवढं पाणी फुकट गेलं, आणि समोरचा माणूस ते बोलून दाखवतो.

दारात किंवा बाजूच्या भिंतीत पाणी सोडायच्या झडपा असतात. तुडूमाची खुंटी वर ओढतो तसं इथं दातेरी पट्टी वर चढवावी लागते, आणि त्यासाठी एल आकाराचं लोखंडी हँडल मिळतं, विंडलास. नावेवर निदान दोन असावीत. एक पाण्यात पडतंच.

वर चढतानाचा क्रम असा. खालच्या बाजूला काठाशी नाव थांबवायची, हँडलवाला माणूस चालत पुढं जातो. हौद भरलेला असेल तर वरचं दार आणि वरच्या झडपा बंद आहेत याची खात्री करून खालच्या झडपा उघडून तो रिकामा करायचा. पातळी सारखी झाली की खालची दारं उघडतात, त्याआधी नाही. चार बोटं पाणी कमीजास्त असलं तरी दारावर भक्कम दाब असतो. दांड्याला कितीही पाठ लावली तरी ते हलत नाही, कंबर मात्र धरते. थांबायचं. नाव आत आली की खालची दारं लावायची आणि खालच्या झडपा पूर्ण खाली करायच्या. मग वरच्या बाजूच्या भिंतीतल्या झडपा आधी अर्ध्याच उघडायच्या. पाणी आत घुसताना नाव आधी मागं, मग पुढं ओढली जाते, ती स्थिरावली की पूर्ण उघडायच्या. दारातच बसवलेल्या झडपा मात्र त्यांची तोंडं पाण्याखाली गेल्याशिवाय उघडायच्या नाहीत. उघडल्या तर धबधबा सरळ नावेच्या पुढच्या खोलगट भागात पडतो आणि नाव तिथूनच भरते. पातळी सारखी झाली की वरचं दार उघडायचं, नाव बाहेर काढायची, मागं वळून झडपा खाली करायच्या, दार लावायचं. शेवटची पायरी लोक विसरतात, मग वरच्या भागाचं पाणी उतरतं आणि पुढची नाव चिखलात बसते.

खाली उतरताना काम सोपं वाटतं, पण खरा धोका इथंच आहे. वरच्या दाराखाली दगड-काँक्रीटचा उंबरा असतो, तो हौदाच्या आत मीटर-दीड मीटर पुढं आलेला. हौद भरलेला असताना तो दिसत नाही. पाणी उतरायला लागलं आणि नावेचं मागचं टोक त्या उंबऱ्यावर असलं, तर मागचा भाग वर लटकतो, पुढचा खाली जातो आणि नाव काही मिनिटांत पाण्याखाली जाते. इंग्लंडातल्या कालव्यांवर भाड्याच्या नावा बुडण्याचं हे ठरलेलं कारण आहे. उंबरा कुठवर आहे ते दाखवायला लॉकच्या काठावर पांढरी रेघ मारलेली असते. मागचं टोक, सुकाणूसकट, कायम त्या रेघेच्या पुढं हवं. सुकाणूवाल्यानं दर अर्ध्या मिनिटाला मागं वळून बघायचं. तरीही अडकलीच तर खालच्या झडपा त्या क्षणी बंद करायच्या, मग वरच्या हळूहळू उघडून हौद पुन्हा भरायचा, नाव उचलली जाते. खालच्या झडपा बंद करण्याआधी वरच्या उघडल्या तर नुसता गोंधळ वाढतो.

दोराबद्दलही तेच. उतरत्या पाण्यात नाव खुंट्याला बांधून ठेवायची नाही. खुंट्याभोवती एक वेढा देऊन दोर हातात धरायचा आणि पाणी उतरेल तसा सोडत जायचा. गाठ मारली तर नाव दोराला लटकते. वैनगंगेवर डोंगा बांधणारा ढिवर भाऊ घट्ट गाठीवर विश्वास ठेवतो, ती सवय इथं घाटावर ठेवून यावी.

हँडलची एक गोष्ट कडक आहे. झडप वर गेली की दात्यात खिट्टी बसते, खिट्टी बसल्याची खात्री करून हँडल काढूनच घ्यायचं. तसंच ठेवलं आणि खिट्टी सुटली, तर हँडल गरगर फिरत सुटतं आणि हात किंवा जबडा फोडतं. साडीचा पदर, ओढणी, लोंबता मफलर दात्यांजवळ नको. काकू-मावशींनी लॉकवर काम करायचं ठरवलं तर सलवार-कमीज बरा, ओढणी नावेत. पायात पकड असलेले बूट हवेत. ओल्या दगडावर चप्पल घसरते, आणि सहा-सात फूट खोल हौदात पडणं ही गमतीची गोष्ट नाही. पोहता न येणाऱ्या प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट मागून घ्यावं आणि ते डेकवर घालावं.

हर्ल्स्टन ते लँगोलेन हे अंतर सुमारे 70 किलोमीटर, वाटेत 21 लॉक. ती सारख्या अंतरावर नाहीत. हर्ल्स्टनला लागोपाठ 4, पुढं स्वानलीला 2, बॅडिलीला 3, मग एकेकटी 4, ग्रिंडली ब्रुकला 6, आणि शेवटी न्यू मार्टनला 2. एल्समेरपासून लँगोलेनपर्यंत फक्त न्यू मार्टनची ही दोनच लागतात. चिर्कहून नाव घेऊन एल्समेरला जाऊन परतलात तर चार दिवसांत लॉकचा अनुभव मिळतो आणि कंबरही शाबूत राहते, म्हणून आमचा कल तिकडे. एल्समेरच्या बाहेर कालव्याला लागूनच नैसर्गिक तळी आहेत. नवेगावबांधच्या माणसाला तिथं परकं वाटणार नाही.

ग्रिंडली ब्रुकची सहापैकी वरची तीन लॉक एकमेकांना चिकटलेली आहेत, एकाचं वरचं दार तेच दुसऱ्याचं खालचं. इथं डोकं वापरावं लागतं. वर जाताना खालचा हौद रिकामा आणि वरचे दोन्ही भरलेले हवेत. खाली येताना उलट, सर्वांत वरचा भरलेला, खालचे रिकामे. क्रम चुकला तर एक तर पाणी काठावरून वाहतं, नाही तर नाव कोरड्या हौदात टेकते. मधेच नावा ओलांडता येत नाहीत, त्यामुळं हंगामात रांग लागते आणि ऑगस्टमध्ये ती तासन्‌तास हलत नाही. हंगामात तिथं लॉककीपर असतो. तो सांगेल तेव्हाच, सांगेल तीच झडप. शहाणपणा नको.

पोंतकसल्टे जलसेतूसाठी तरी ट्रेवरकडे जावंच. 1805 साली खुला झाला. 307 मीटर लांब, डी नदीच्या वर 38 मीटर, दगडी 18 खांबांवर बिडाचं पन्हाळ ठेवलेलं. चालायच्या बाजूला कठडा आहे. दुसऱ्या बाजूला काहीच नाही, पन्हाळाची कड पाण्याच्या जेमतेम वर येते आणि त्यापलीकडे सरळ दरी. ज्यांना उंचीनं गरगरतं त्यांनी खाली केबिनमध्ये बसावं, आणि तेही कठड्याच्या बाजूच्या खिडकीशी. नाव बाहेर पडू शकत नाही, पन्हाळ तिला धरून ठेवतं, पण लहान मूल मोकळं सोडायचं नाही. आपल्याकडच्या जलसेतूवर काम केलेल्या माणसानं मधला निचऱ्याचा मार्ग विचारून घ्यावा. देखभालीसाठी तो उघडून पन्हाळातलं सगळं पाणी खाली नदीत सोडतात. दुहेरी वाहतूक नाही, समोरून नाव आत शिरलेली दिसली तर थांबायचं.

सेतू संपल्यावर ट्रेवरला लँगोलेनचा फाटा एकदम डावीकडे वळतो. तिथं नाव वळवणं हीच खरी परीक्षा. नाव मध्यावर फिरते, मोटारीसारखी पुढच्या चाकांवर नाही. पुढचं टोक डावीकडे गेलं की मागचं उजवीकडे फेकलं जातं. दांडा ज्या बाजूला ढकलाल त्याच्या उलट बाजूला नाव वळते, आणि हे अंगवळणी पडायला पहिला अर्धा दिवस जातो. ब्रेक नाही. थांबवायचं तर रिव्हर्स, आणि रिव्हर्समध्ये सुकाणू कामाचं नाही. ट्रॅक्टर-ट्रॉली मागं घेणारे पोट्टे इथं सगळ्यात आधी शिकतात. पुढं लँगोलेनपर्यंत काही पट्टे एकाच नावेपुरते रुंद आहेत, एका माणसानं चालत पुढं जाऊन रस्ता मोकळा आहे का बघायचं आणि हात करायचा. गावाच्या पुढं इंजिनाच्या नावांना बंदी, हॉर्सशू फॉल्सपर्यंतचा तुकडा घोड्यानं ओढायच्या नावांसाठी राखलाय. तिथं पायी जावं, बंधारा बघण्यालायक आहे.

चिर्कचा जलसेतू 1801 चा, 21 मीटर उंच, आणि तो ओलांडला की लगेच 421 मीटरचा बोगदा. दिवा लावायचा, दुसऱ्या तोंडाशी उजेड स्वच्छ दिसतो का बघायचं, मगच आत. वर जाताना प्रवाह अंगावर असतो, बोगदा अरुंद असल्यानं नाव गोगलगायीगत चालते. इंजिन वाढवून फायदा होत नाही, मागं पाणी ओढलं जाऊन नाव आणखी खाली बसते. हीच गोष्ट उथळ कालव्यात सगळीकडे लागू. वेगमर्यादा ताशी चार मैलांची आहे, पण या कालव्यावर दोन-अडीचचाच हिशेब धरावा. काठावर बांधलेल्या नावांजवळून तर त्याहूनही हळू, नाहीतर त्यांच्या खुंट्या उपटल्या जातात.

नाव कशी असते? पोलादी, सहा फूट दहा इंच रुंद, पन्नास-साठ फूट लांब. झोपायच्या जागा जितक्या सांगतात त्यातल्या दोन कमी धराव्या, जेवणाच्या टेबलाचा पलंग करून मोजतात. स्वयंपाकाला गॅस आणि ओव्हन. कुकर, तवा, तिखट, गोडा मसाला घरून न्यावा, डाळ-तांदूळ तिथल्या गावांत मिळतात. सांबार (कोथिंबीर) मात्र छोट्या गावात मिळेलच असं नाही. मिक्सर नावेतल्या इन्व्हर्टरवर चालेलच याचा भरवसा धरू नये, ठेचा खलबत्त्यात. सिगडी, कोळसा आत आणायचा नाही. बंद केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडनं माणूस झोपेतच जातो, त्यासाठीचा अलार्म चालू आहे ना ते पहिल्याच दिवशी बटण दाबून बघावं. पाण्याची टाकी एक-दोन दिवसांत भरावी लागते, नळावर अर्धा-पाऊण तास जातो. सहा माणसं भांडी आपल्या पद्धतीनं, नळ सोडून, घासणार असतील तर रोज.

रोजची कामं तीन: सकाळी तेल बघायचं, संध्याकाळी नाव ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्याचं ग्रीसचं बटण घट्ट लागेपर्यंत फिरवायचं, आणि बॅटरी राहावी म्हणून दिवसाला चार-पाच तास इंजिन चालेल असा प्रवास ठेवायचा. पंख्यात प्लॅस्टिक, दोर, कापड गुंतलं की नाव थरथरते आणि ओढ जाते. इंजिन बंद, चावी खिशात, मग नावेच्या मागच्या भागातलं पंख्यावरचं झाकण उघडून सुरीनं कापून काढायचं. ते झाकण परत पक्कं बसलं नाही तर इंजिन चालू होताच खोलीत पाणी येतं. पंख्यात अडकून जितकं नुकसान होत नाही तितकं या झाकणानं होतं.

भाड्याच्या सेवेबद्दल तक्रार एकच, पण मोठी. नावेचा ताबा दुपारी तीनच्या सुमारास मिळतो, परत सकाळी नऊला द्यायची असते आणि कामगारांना त्या दिवशी पंधरा नावा काढायच्या असतात. आम्ही वापरलेल्या सेवेत इंजिन, शौचालय, गॅस अगदी नीट दाखवलं, लॉकची शिकवण मात्र एका चित्रावर उरकली. उंबऱ्याबद्दल एक वाक्य. नाव साफ होती, इंजिन चांगलं होतं, फोन केल्यावर माणूस आला, म्हणून पाचपैकी साडेतीन. बुकिंग करतानाच विचारावं: पहिल्या लॉकपर्यंत माणूस सोबत येईल का? काही ठिकाणी येतो. डिझेल आणि नुकसान-हमी भाड्यात धरलीय की वेगळी, तेही तेव्हाच लिहून घ्यावं. परवाना लागत नाही. मुख्य भाडेकरूच्या वयाची अट असते, तीही विचारून घ्यावी.

हे सगळं इंग्रजांनी आपल्या अंगणातही आणायला घेतलं होतं, हे फार कमी लोकांना ठाऊक आहे. इंग्रज अभियंता आर्थर कॉटन यांच्या कल्पनेतून निघालेल्या वरच्या गोदावरीच्या योजनेत वऱ्हाड-वर्ध्याचा कापूस वर्धा, प्राणहिता, गोदावरीमार्गे किनाऱ्यावर न्यायचा होता. नदीतल्या खडकांचे तीन अडथळे, दुम्मागुडेम, एंचमपल्ली आणि आपल्या अहेरीकडचं देवलमरी, कालवे आणि लॉक बांधून टाळायचे होते. 1867 ला नागपूरला रेल्वे आली, 1871 ला योजना गुंडाळली. तो कापूस नावेत बसलाच नाही.

रस्त्यावरचे उचल-पूल लागतात, त्यांतला रेनबरीचा विजेवर चालतो. त्याची चावी ताबा घेतानाच मागून घ्यावी, आणि सगळ्या नावा जाईपर्यंत पूल उचललेला ठेवून गाड्यांना तासभर अडवू नये, दोन-तीन नावांमागं एकदा खाली सोडावा. कालव्यावरच्या प्रत्येक पुलाला नंबराची पाटी आहे. जाताना शेवटचा ओलांडलेला नंबर कोणीतरी एकानं वहीत लिहीत राहावं, कारण मदतीला फोन केला की पलीकडून आधी तोच विचारतात.